आईच्या ऑपरेशनला खिशातून भरलेले डिडक्टिबलचे पैसे करातून वजा होतात का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल २ लाख ३० हजार झालं, विमा कंपनीने डिडक्टिबलचे (बिलातला जो पहिला भाग पॉलिसीनुसार आपणच भरायचा असतो त्याचे) ५० हजार कापून बाकीचे दिले आणि आता ते ५० हजार आयकराच्या ८०डी कलमाखाली (आरोग्य विम्यावरची वजावट) दाखवायचेत. आईंचं वय ६७.

नाही दाखवता येणार. मी लोकांची रिटर्नं भरून देतो, आणि दर जुलैत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

आधी एक बघा, तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात? २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०डी मिळतच नाही. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते, तीही मुदतीच्या आत रिटर्न भरून. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

जुन्या प्रणालीत ८०डी मुख्यतः आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी आहे. स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५ हजारांपर्यंत, आईवडिलांसाठी वेगळे २५ हजार; त्यांच्यापैकी कुणी साठीचं असेल तर ५० हजार. हप्ता रोखीने भरला असेल तर तो धरत नाहीत. सासूसासरे यात येत नाहीत. त्यांचा हप्ता तुमच्या बायकोने स्वतःच्या उत्पन्नातून भरला तर वजावट तिला मिळते.

उपचाराचा खर्चही दाखवता येतो, पण ज्या ज्येष्ठाच्या नावावर आरोग्य विमाच नाही त्याचाच. मर्यादा तीच ५० हजार, आणि पैसे रोखीने दिलेले नकोत. म्हणजे शेजारच्या ज्येष्ठ काकूंची पॉलिसीच नसेल आणि त्यांच्या मुलाने हॉस्पिटलला यूपीआयने ५० हजार दिले असतील तर त्याला वजावट मिळेल, आणि तुम्ही वर्षानुवर्षं हप्ते भरले म्हणून तुम्हाला नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण कायदा तसा आहे. कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा ठरावीक आजारांसाठी ८०डीडीबी आहे. गुडघा त्यात बसत नाही, आणि तिथेही विमा कंपनीकडून मिळालेली रक्कम वजा होते.

एक छोटी गोष्ट मात्र बहुतेक जण सोडून देतात. आईंची नियमित आरोग्य तपासणी केली असेल तर त्याचे ५ हजारांपर्यंत याच मर्यादेत धरता येतात, आणि ते रोखीने दिलेले असले तरी चालतात. हप्ता ५० हजारांच्या आत असेल तर ती पावती शोधा.

आता डिडक्टिबल ठेवावं का, हे. कर वाचेल म्हणून नाही, हप्ता कमी होतो म्हणून ठेवतात. आईंच्या वयाला मूळ पॉलिसीतच ५० हजारांचं डिडक्टिबल मी घेतलं नसतं, कारण या वयात हॉस्पिटलची वारी कधीतरी होणारच. ते शोभतं सुपर टॉप-अपला, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर घेतलेल्या जादा विम्याला. समजा ५ लाखांचं डिडक्टिबल आहे आणि एकाच वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं आली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, म्हणून एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो. पहिले ५ लाख मूळ पॉलिसीने भरले की तुम्ही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नावं इतकी सारखी आहेत की एजंटही गोंधळतात. पॉलिसीच्या कागदात डिडक्टिबल दर दाव्याला आहे की वर्षाला, एवढं वाचून मगच सही करा. आणि को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला तुमचा वाटा, वेगळा हं, तो टक्क्यांत असतो आणि बिल वाढेल तसा वाढतो.

शेवटी तुम्ही गाडीच्या विम्याचंही विचारलंय. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर दाव्यामागे १ हजार रुपयांचं सक्तीचं डिडक्टिबल असतं, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २ हजार. नोकरदाराला यातलं काही करात मिळत नाही, गाडीचा हप्तासुद्धा नाही.