गुडघ्याचा एक्सरे साफ, तरी सासूबाई लंगडतात

प्रश्न : माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या. गणेश चवथीपासून डाव्या पायाने लंगडतात, आदोळीवर (नारळ खवायच्या बसक्या विळीवर) बसून नारळ खवून झाला की उठताना भिंत धरावी लागते. गुडघा दुखतो म्हणतात पण गुडघ्याचा एक्सरे साफ आलाय. सगळे म्हणतात वय झालं. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, वयावर ढकलून सोडू नका प्लीज. सासूबाईंना म्हणा, एका बोटाने दाखवा नेमकं कुठे दुखतंय. बोट जांघेत गेलं तर संशय खुब्याच्या सांध्यावर, कारण खुब्याचं दुखणं मांडीच्या पुढून उतरत गुडघ्यात जाणवू शकतं, दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही नसा एकच असतात ना, आणि मग माणसं महिनोन्महिने गुडघ्यालाच मलम चोळत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कुशीवर झोपल्यावर खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर बहुतेक तिथले स्नायू दुखावलेले असतात. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल तर कमरेचा मणका बघायचा.

अजून एक, डाव्या पायाची नखं त्यांना स्वतः कापता येतात का? खुब्याचा सांधा झिजला की तेवढं वाकणं आधी जातं.

आता गुडघा सोडा, दोन्ही खुबे दिसतील असा पेल्विसचा एक्सरे काढून घ्या, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोपेडिकला दाखवा. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर ते नक्की सांगा. त्याने मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं, सुरुवातीला ते एक्सरेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

तोवर काठी द्या, पण उजव्या हातात! डावा पाय दुखतो म्हणून सगळे डाव्याच हातात धरतात, माझ्या आईचा हात मी कितीवेळा बदलून दिला असेन. काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची म्हणजे खुब्यावरचा भार खरंच कमी होतो. मूठ मनगटाच्या रेषेएवढ्या उंचीवर हवी. आणि आदोळी, खाली मांडी घालून बसणं सध्या बंद.

मध्येच पडल्या आणि पाय टेकवतच नाही, आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय असं झालं तर चोळत बसू नका, उठवून चालवूही नका, लगेच १०८ला फोन करा.