गेट-टुगेदरला जाऊ की नको, हा प्रश्न नेमका कुणाबद्दल आहे?

मे महिना जवळ आला की, आणि पुन्हा गणेश चवथीच्या आधी, गोव्यात समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतोच: शाळेच्या बॅचचे गेट-टुगेदर ठरलेय, जाऊ की नको? विचारताना माणूस ओशाळतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतोय" म्हणतो. पण ज्याची पंधरा दिवस झोप उडाली आहे, त्याची गोष्ट एवढीशी नसते.

अशाच एका गृहस्थांची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. डिचोली तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून 1994 साली ते दहावी झाले. 2010 मध्ये त्यांनी कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी दोन ट्रक घेतले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालूच. मध्ये काही काळ थोडी वाहतूक झाली, पण 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या 88 लीज (भाडेपट्टे) रद्द झाल्या आणि उरलीसुरली आशाही गेली. मिळेल त्या भावाला त्यांनी ट्रक विकले. आता ते एका फार्मा कंपनीची कामगारांची बस चालवतात. घर नीट चालले आहे, मुलगी कॉलेजात आहे.

बॅचला 30 वर्षे झाली म्हणून मे 2024 मध्ये स्नेहमेळावा ठरला. वर्गणी 1,500 रुपये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांची यादी फिरू लागली. आधीची यादी कॉपी करायची, खाली आपला नंबर आणि नाव घालून पुन्हा टाकायची. त्यांनी चार वेळा यादी कॉपी केली. तेविसाव्या नंबरावर नाव लिहिले आणि पुसले. पुन्हा उघडली तेव्हा तेविसाव्यावर दुसऱ्याचे नाव आले होते, म्हणून चोविसाव्यावर लिहिले आणि तेही पुसले. ग्रुपवर काही वाजले की पोटात गोळा यायचा, रात्री दोनला जाग यायची. 2014 आणि 2019 च्या भेटी त्यांनी अशाच टाळल्या होत्या.

टाळण्याचे एक गणित असते. नाही म्हटले की त्याच क्षणी सुटल्यासारखे वाटते. मेंदू ते सुटणे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी भीती आधीपेक्षा लवकर आणि जोरात येते. म्हणून तिसरी भेट त्यांना पहिलीपेक्षा जड जात होती, परिस्थिती पहिल्यापेक्षा बरी असूनही.

त्यांच्या मते कारण सरळ होते: "सगळे पुढे गेले, मी बस चालवतो." हे कारण खरे असते, पण बहुतेकदा अपुरे असते. म्हणून पहिल्या बैठकीत कागद घेतला. एका बाजूला जे येऊ शकतील त्यांची नावे, पुढे प्रत्येकाच्या भेटीत काय घडेल असे वाटते ते, आणि त्याची धास्ती 0 ते 10 मध्ये किती. अडतीस नावे झाली. तेहतीस जणांपुढे 3 किंवा त्याहून कमी. चौघांपुढे 5 ते 6: एक बँक मॅनेजर, एक दुबईहून येणारा, दोघे शाळेत चिडवणारे. आणि एका नावापुढे 9. तिथे पेन थांबले. 2013 मध्ये ट्रकचा हप्ता भरायला त्या मित्राकडून 40,000 रुपये उसने घेतले होते. परत केले नव्हते, आणि तेव्हापासून बोलणेही नव्हते.

जाऊ की नको हे कोडे तिथेच सुटायला लागले. अडतीस माणसांची भीती ही खरे तर एका माणसाची होती. अशी यादी केल्याशिवाय जाण्या-न जाण्याचा निर्णय घेऊच नये. प्रत्येक वेळी पैसेच निघतील असे नाही. कधी जुने प्रेम निघते, कधी "मूल नाही का अजून?" हा प्रश्न, कधी वर्गासमोर मारणारे सर. पण धास्ती सगळीकडे सारखी पसरलेली क्वचितच असते.

मग दोन कामे वेगळी केली. उसनवारीचे बोलणे हॉलमध्ये करायचे नाही, आधीच फोनवर करायचे. हॉलमध्ये चार माणसे भोवती असतात, समोरचा संकोचाने "सोड रे" म्हणतो, आणि विषय मिटला की नाही ते दोघांनाही कळत नाही. संध्याकाळ असेल आणि ग्लास हातात असेल तर त्याहून वाईट. अशा उसनवारीसाठी दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची, ती केव्हाच संपली होती, हे त्यांना माहीत होते. मनावरचे ओझे मात्र मुदतीने उतरले नव्हते.

फोनवर काय बोलायचे ते लिहून काढले, चार वाक्ये. "तुझे चाळीस हजार माझ्याकडे आहेत. उशीर माझा. एकदम जमणार नाही, जूनपासून दर महिन्याला दोन हजार पाठवीन, वीस महिन्यांत पुरे होतील. तुला चालेल का?" खाणीची कहाणी नाही, बँकेची नाही. सबबीने सुरुवात झाली की ऐकणारा पैशांचे ऐकतच नाही. हप्ताही झेपेल तेवढाच धरायचा. भावनेच्या भरात पाच हजार कबूल केले आणि तिसऱ्या महिन्यात चुकले, तर आधीची लाज दुप्पट होऊन येते.

फोन ठरल्याप्रमाणे झाला नाही. मित्राने पैशांचे ऐकून घेतले, त्याच्या आठवणीत रक्कम 35,000 होती. मग तो म्हणाला, "पैशांचे राहू दे. बाबा गेले तेव्हा बाराव्यालासुद्धा तू आला नाहीस." तोंड कसे दाखवायचे म्हणून हे गेले नव्हते. त्यावर देण्यासारखे उत्तर लिहून ठेवलेले नव्हते. "चुकले माझे" एवढेच ते म्हणाले, आणि तेच योग्य होते.

दुसरे काम सोपे: "कितें करता रे तूं हालीं?" या प्रश्नाचे उत्तर. शाळा मराठी असली तरी हॉलमधल्या गप्पा कोकणीतच होणार, म्हणून तयारीही कोकणीत केली. मराठीत घोकलेले उत्तर ऐनवेळी अडखळते. एक वाक्य जे घडले त्याचे, एक आजचे, आणि लगेच समोरच्याला प्रश्न: "ट्रक आशिल्ले, खाण बंद जाली तशे विकले. आतां कंपनीची बस चलयतां. तुजें कितें चल्लां?" मोठ्याने दहा-बारा वेळा म्हटले. पहिल्या तीन वेळा "आतां फकत" निघत होते. तो "फकत" काढला.

सगळे आपल्याकडेच बघतील, ही धास्ती फार जणांना असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवले होते. त्यांना वाटले, निम्म्या लोकांचे लक्ष गेले असेल. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांचेच गेले. तिशीनंतर भेटणारा वर्ग तर स्वतःचे पोट आणि पांढरे केस लपवण्यात गुंतलेला असतो.

जाण्याची रीतही ठरवली. ग्रुप आठवडाभर म्यूट. कार्यक्रमाला उशिरा न जाता सुरुवातीलाच जायचे: दहा माणसे असताना एकेकाशी बोलता येते, चाळीस जमल्यावर दारातून आत शिरणे हीच परीक्षा होते. स्वतःची स्कूटर न्यायची, कुणाच्या गाडीतून जायचे नाही, नाहीतर निघण्याची वेळ दुसऱ्याच्या हाती जाते. "जेवून निघणार" हे आयोजकाला आधीच सांगायचे. धीर यावा म्हणून पिऊन जायचे नाही, आणि जेवणानंतर बाटल्या निघाल्या की थांबायचे नाही. जुनी टोपणनावे आणि जुनी भांडणे त्याच वेळी वर येतात.

वर्गणी जड असेल तर खजिनदाराला एकट्याला गाठून सांगावे. आणि आयोजकांनी कुणी किती भरले याची यादी ग्रुपवर टाकू नये, ही कळकळीची विनंती. त्या एका यादीमुळे न आलेली माणसे आम्हाला भेटतात.

न जाणे हा पळपुटेपणाच असतो असे मात्र नाही. ज्याने शाळेत अत्याचार केला तो माणूस तिथे असणार असेल, घरात नुकताच मृत्यू झाला असेल, नैराश्यावर उपचार चालू असून माणसांत बसवत नसेल, तर जाऊ नये आणि कारणही देऊ नये. "मला जमणार नाही, सगळ्यांना शुभेच्छा" एवढे पुरते. खोटे कारण तर नकोच. गोवा लहान आहे, येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कुणीतरी भेटतेच. झोप, जेवण बिघडलेलेच राहिले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर प्रश्न गेट-टुगेदरचा राहिलेला नसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

त्या गृहस्थांनी एकतिसाव्या नंबरावर नाव घातले आणि ठेवले. साडेदहाला पोचले, पावणेतीनला निघाले. बस चालवतो म्हटल्यावर दोघांनी मुलांसाठी कंपनीत काही जागा आहे का, ते विचारले. शाळेत चिडवणाऱ्यांपैकी एकाने तेच जुने नाव घेऊन हाक मारली. वाईट वाटले, पण ते उठून गेले नाहीत. मित्र दुरून मान हलवून गेला, बोलणे झाले नाही. नंतरच्या बैठकीत त्यांना तेच सलत होते.

पुढच्या रविवारी ते मित्राच्या घरी गेले. मित्र नव्हता. त्याच्या आईपाशी बसून चहा घेतला, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि परतले. रक्कम त्यांनी चाळीसच धरली आहे.