‘चेंडू बघ’ म्हणणाऱ्या कोचला

प्रिय शॉर्टस्टॉप,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. आठवी-नववीच्या पोरांना साधा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) उचलता येत नाही, आणि विद्यापीठाकडून बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, खेळलेला मी इथे माश्या मारत बसलोय, असं लिहिलंस. खेळाडू म्हणून आपण संपलो का, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मी देत नाही. तुझ्या वयात तो सगळ्यांना पडतो आणि काही दिवसांनी आपोआप शिळा होतो.

मला खटकलं ते वेगळंच. परवा तुझा सराव मी कुंपणाबाहेरून बघितला. एका पोरावर तू “चेंडू बघ, चेंडू बघ” असा ओरडत होतास. अरे, तो चेंडूच बघत होता. तू त्याला बघत नव्हतास. क्रिकेटमध्ये वाढलेलं पोर ते, टप्प्याची वाट बघत होतं. टप्पा पडतच नाही म्हटल्यावर बॅट उशिरा निघणारच. एकदा कसाबसा चेंडू लागला तर बॅट हातात घेऊनच फर्स्ट बेसकडे, पळून गाठायच्या पहिल्या ठिकाणाकडे, पळत सुटला, आणि तू हसलास. क्रिकेटमध्ये बॅट टाकून पळणाऱ्याला शिव्या बसतात. इथे टाकायची असते, हे त्याला सांगितलं होतंस का?

पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, 60 फूट 6 इंचांवरून टाकलेला जोरकस चेंडू साधारण 0.4 सेकंदात फलंदाजापाशी, प्लेटवर असतो. तेवढ्यात तू काय करायचास, हे तुला आजही धड सांगता येणार नाही. राग आला तर येऊ दे, पण तुला हिटिंग येतं, हिटिंगबद्दल तुला फारसं काही माहीत नाही. जे आपोआप आलं ते शिकवता येत नाही. आधी ते बघावं लागतं. म्हणून बघ.

अमेरिकेचा बेसबॉलपटू टोनी ग्विन आठव. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात आला तो बास्केटबॉलसाठी, आणि 1981 मध्ये बेसबॉलच्या पाद्रेस आणि बास्केटबॉलच्या क्लिपर्स या संघांनी त्याला एकाच दिवशी निवडलं. पुढे 20 हंगाम एकाच संघाकडून खेळला, 3,141 हिट्स, सरासरी .338, म्हणजे दर तीन वेळांत साधारण एक हिट. एवढं अंगात असलेला माणूस 1983 पासून बायकोला घरच्या व्हीसीआरवर आपले सामने टेप करायला लावायचा आणि स्वतःचीच बॅटिंग पुन्हा पुन्हा बघायचा. निवृत्तीनंतर आपल्याच कॉलेजचा कोच झाला. आणि गंमत बघ, जन्मभर फलंदाजी केलेल्या या माणसाच्या संघातून 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर गेला तो स्टीफन स्ट्रासबर्ग, पिचर!

स्वतः मारून दाखवायचं आता बंद कर. तू कुंपणापार मारतोस, पोरं टाळ्या वाजवतात, शिकत काही नाहीत. आठवडाभर तोंड मिटून वही घे. एकेका पोराचे आधी पाय बघ, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं शूटिंग फर्स्ट बेसच्या बाजूने घे, म्हणजे छाती कधी उघडते ते दिसेल.

म्हणशील, सर, तुम्ही आयुष्यभर बघितलंत, मिळालं काय? खुशाल विचार. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे माइक मार्टिन तिथलेच खेळाडू, मग 1980 ते 2019 तिथलेच मुख्य कोच. 2,029 विजय, 17 वेळा ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सीरिज (कॉलेज संघांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा), आणि विजेतेपद एकही नाही. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण विजेतेपद नाही म्हणून कोच वाया गेला, असं माझ्यासमोर कोणी म्हणायचं नाही.

आपल्या कॉलेजच्या त्या फायनलबद्दल तू ऐकलं असशीलच. आपण आघाडीवर असताना मी आमचा पिचर काढला आणि आपण हरलो. अजून लग्नाच्या पंगतीत कोणीतरी तो विषय काढतंच. त्याचं कोपर खाली यायला लागलं होतं, म्हणजे हात थकला होता. स्कोअरबोर्डकडे बघणाऱ्यांना ते कसं दिसणार? मला दिसलं. त्याने हट्ट केला, रडला, वर्षभर बोलला नाही. उद्या तीच वेळ आली तरी मी त्याला काढीन. खंत एवढीच की बाहेर जाऊन हे शास्त्रशुद्ध शिकायचं राहून गेलं. घरून निघता आलं नाही. जे शिकलो ते कडेला उभं राहून, बघून. तुला तर खिशात कॅमेरा आहे आणि तरी तू ओरडतोस!

असो. चिडून लिहिलं, पण तू बरा पोरगा नसतास तर लिहिलंच नसतं.

त्या डावखुऱ्या मुलीला तू नेहमीचा ग्लोव्ह उलट्या हातात घालायला दिला होतास, तेही दिसलं. डावखुऱ्याचा एक ग्लोव्ह माझ्याकडे पडून आहे, दोरी तेवढी बदलावी लागेल. शनिवारी येऊन घेऊन जा. पाचनंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो.

तुझे,
सर