नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात किती लोक राहतात आणि गावाचा कारभार नक्की कोण बघतं?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार होती. त्यातले साधारण ३५ लाख लोक खेड्यांत राहणारे. आकडा जुना आहे, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी कागदांवर अजून तोच चालतो.

तालुके १५. पण निफाड आणि सुरगाणा एका जिल्ह्यात आहेत हे कागदावरच पटतं. एकीकडे द्राक्षबागा, दुसरीकडे डोंगरातले विखुरलेले आदिवासी पाडे.

आता कारभार. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण गावात दोन वेगळ्या साखळ्या असतात. सातबारा, फेरफार, पीक पाहणी हे तलाठ्याकडे. त्याच्या वर मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, म्हणजे ग्रामसेवकाकडे. त्याच्या वर पंचायत समितीचे बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि जिल्हा परिषदेचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). घराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे दोन चकरा मारलेले लोक मी पाहिलेत (त्यात आमचे काकाही!). गावठाणातल्या घराचा उतारा, म्हणजे नमुना ८, ग्रामपंचायतच देते.

सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांत १९९६ चा पेसा कायदाही (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू आहे. तिथे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळू शकते आणि तेंदूपत्ता, बांबू यांसारख्या गौण वनोपजावर तिचा हक्क असतो. तुमचं गाव तिकडचं असेल तर आधी ग्रामसभेचं इतिवृत्त मागा.