पंधरा मिनिटांत मावणारं काम

घर, नोकरी आणि मुलं सांभाळून हातानं काहीतरी करत राहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. कुणी विणतं, कुणी शिवतं, कुणी रंगवतं. काम बिघडतं ते मात्र बहुतेकींचं एकाच जागी: मधेच उठताना, नाहीतर परत बसताना.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. दिवसात मला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तीही सांगून येत नाहीत. सामान काढेपर्यंत हाक येते. शिवण, विणकाम दोन्ही आवडतं, पण पूर्ण काहीच होत नाही. यातलं एक सोडून देऊ का?

सोडू नका, कामाची वाटणी करा. मापं घेणं, कापड कापणं, टाक्यांचा हिशेब, नक्षी ठरवणं हे डोक्याचं काम. त्यात हाक आली की चूक ठरलेली, आणि कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही. यासाठी आठवड्यातून एकदाच, पण सलग तासभर काढा. मुलं झोपलेली असताना किंवा घरातलं दुसरं कुणी त्यांच्याकडे बघत असताना. सरळ ओळी विणणं, कड दुमडून टाचणं, बटणं लावणं हे हाताचं काम. ते तुटक वेळात ढकला.

शिवणात हे असं बसवा: त्या एका तासात सगळे तुकडे कापून, जोडीजोडीनं टाचण्या लावून एकावर एक रचून ठेवा. आधी शिवायचा तुकडा सर्वांत वर. मग दहा मिनिटांत एक शिवण सहज होते. चार वर्षांची मुलगी घरात आहे, तेव्हा टाचण्यांऐवजी कापडाच्या क्लिपा बऱ्या. हरवल्या तरी पायात घुसत नाहीत.

प्रत्येक कामाला एक पिशवी, आणि त्या कामाची कात्री, टेप, सुया त्याच पिशवीत. कात्री शोधण्यात पाच मिनिटं गेली तर पंधरातली किती उरली? उठताना पिशवीत चिठ्ठी टाका: ‘डावी बाही, ओळ ३४ झाली, पुढची उलट’. ‘लक्षात राहील’ म्हणू नका, राहत नाही. आणि एका वेळी दोनच कामं उघडी ठेवा: एक टेबलावरचं, एक मांडीवर मावणारं.

प्रश्न : मुलाच्या स्वेटरची पाठ सुट्टीत दोन आठवड्यांत विणली. पुढचा भाग तीन महिने रोज रात्री थोडा थोडा विणला. दोन्हीला ८० टाके, लोकर तीच, सुयाही चार मिलीमीटरच्याच. तरी पुढचा भाग तीन सेंटिमीटर अरुंद! कुठे चुकलं?

मोजण्यात चूक नाही, तुमचा हात बदलला. दोन्ही तुकडे सपाट पसरा, पट्टी आडवी ठेवा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा, अर्धा टाकाही सोडू नका. पाठीवर २२ आणि पुढे २४ भरले, तर ८० टाक्यांची रुंदी एकीकडे ३६.४ आणि दुसरीकडे ३३.३ सेंटिमीटर होते. तुमचे तीन सेंटिमीटर ते हेच. दमलेला हात धागा घट्ट ओढतो, काहींचा उलट सैल सोडतो. त्यात रोज नव्यानं सुरुवात झाली की पहिल्या दोन-तीन ओळी वेगळ्या पडतात.

मधे सुया बदलल्या होत्या का, तेही आठवून पाहा. लाकडी सुईवर धागा अडतो, धातूच्या सुईवर घसरतो. दोन्हीवर ४ मिलीमीटर लिहिलेलं असलं तरी टाका सारखा येईलच असं नाही.

आता उपाय. लोकर खरी असेल तर उसवू नका. तुकडा कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाड चादरीवर मापाला ताणून न गंजणाऱ्या टाचण्या लावा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर साधारणपणे मिळून जातं. पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढायच्या नाहीत. धागा ॲक्रिलिकचा असेल तर हे पाण्यानं टिकत नाही, आणि इस्त्री ठेवली तर धागा वितळून चप्पट होतो. तिथे पुढचा भाग उसवून सव्वाचार किंवा साडेचार मिलीमीटरच्या सुयांवर पुन्हा घेणं हाच खरा मार्ग. जिवावर येतं, मान्य.

बाह्यांना हा घोळ होऊ देऊ नका. लांब केबलच्या सुईवर (दोन टोकं लवचीक तारेनं जोडलेली सुई) दोन्ही बाह्या एकदमच घाला, दोघींना वेगळे गुंडे. एक ओळ इकडची, एक तिकडची. हात घट्ट झाला तर दोन्हीकडे सारखाच होईल.

ओळ अर्धी सोडून उठणं शक्यतो टाळा. सुईवर ताणून राहिलेला तो टाका नंतर मोठा दिसतो. उठावंच लागलं, तर परत बसताना दिशा अशी ओळखा: चालू धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो, ती सुई उजव्या हातात. ही चूक झाली की मधेच दोन जादा ओळी पडतात आणि कामात छोटी पायरी दिसते. शिवाय दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. मुलानं सुई ओढली तरी काम त्या दोऱ्यापर्यंतच उसवेल.

प्रश्न : विणलेला लोकरी स्वेटर नवऱ्यानं बाकी कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकला. आता तो बाहुलीला होईल एवढा झालाय. काही होऊ शकतं?

आधी टाके दिसतात का पाहा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. टाके वेगवेगळे ओळखू येत असतील तर थोडी आशा आहे. कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर दोन-तीन चमचे घालून अर्धा तास भिजवा, मग हळूहळू ताणून सपाट वाळवा. टाके दिसतच नसतील तर ती आता नमद्यासारखी जाड लोकर झाली. बिनधास्त कापा, कडा सुटत नाहीत. गरम भांडी धरायचे जाड चौकोन त्यातून छान होतात.

प्रश्न : शिलाई मशीन दोन-तीन महिन्यांनी एकदा काढते. दर वेळी कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढते, परत घालते, टेन्शन (दोऱ्याचा ताण) फिरवते, काही फरक नाही. मुलांचे टी-शर्ट शिवताना तर मधले टाकेच सुटतात.

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात. दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरून निसटतो. मग वर पकड नाही आणि सगळा सैल दोरा खाली साचतो. म्हणून टेन्शनला हात लावण्याआधी दोरा पूर्ण काढा, फूट वर करा, पहिल्यापासून ओवा. नंतर फूट खाली करून दोरा ओढून बघा: आता तो जड यायला हवा. हलकाच आला तर अजून बसलेला नाही.

गुंता फक्त पहिल्या दोन-तीन टाक्यांत होत असेल, तर दोन्ही दोऱ्यांची टोकं दहा सेंटिमीटर मागे ओढून बोटानं धरा आणि सुरुवातीचे टाके चाक हातानं फिरवून घ्या. चाक नेहमी स्वतःकडे.

टी-शर्टचं कारण वेगळं. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खालचं हुक तो पकडतं. ताणणारं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येतं. फास होत नाही, हुक रिकामं जातं, टाका सुटतो. साध्या सुईनं हे सुटायचं नाही. गोल टोकाची किंवा ताणाच्या कापडाची सुई घ्या, ७५/११ नंबर टी-शर्टला पुरतो. शिवणही बारीक झिगझॅग ठेवा, नाहीतर डोक्यातून घालताना दोरा तुटेल.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या मशीनला आधी नवी सुई द्या. साधारण आठ तासांच्या शिवणानंतर ती बोथट होते. सुईखालची पट्टी उघडून कापसाचा भुरा ब्रशनं काढा, फुंकू नका. भुरा आत जातो आणि वाफ धातूला लागते. मशीनच्या पुस्तिकेत तेल द्यायला सांगितलं असेल तर मशीनचंच द्या. स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं आणि चाक जड फिरू लागतं.

प्रश्न : जलरंगात आकाश रंगवताना मधेच उठावं लागतं. परत येऊन ब्रश लावला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. ॲक्रिलिक रंगांकडे वळू का?

तुमच्या वेळापत्रकाला जलरंगच बरे. पॅलेटमध्ये वाळले तरी पाण्यानं पुन्हा जागे होतात. ॲक्रिलिक ब्रशवर वाळला की ब्रश गेला. डाग पडतात कारण अर्धवट ओल्या रंगात तुम्ही जास्त पाणी सोडता, ते पाणी रंगाचे कण ढकलून कडेला साचवतं. कागदावर चमक असेपर्यंत काम करा. चमक गेली की हात आखडा. बोटांची मागची बाजू कागदाला लावून पाहा: गार लागला तर तो अजून ओला आहे, कितीही कोरडा दिसो. पूर्ण कोरडा झाल्यावर त्यावर दुसरा पातळ थर बेलाशक द्या. कागद जाड, ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागदाला फुगवटे येतात आणि पाणी खळग्यांत साचतं. आणि हाक आली तरी ब्रश पाण्यात उभा ठेवून जाऊ नका. टोक वाकतं, दांडा फुगतो आणि केस धरून ठेवणारा पत्रा सैल होतो. आडवा ठेवा.

प्रश्न : क्रोशाची चादर चौकोनी सुरू केली, आता त्रिकोण होत चाललीय.

ओळीच्या शेवटचा टाका सुटतोय. खांबांच्या (उंच टाक्यांच्या) ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या, तर परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या माथ्यात घालायचा असतो. तो माथा दबलेला असतो, दिसत नाही आणि राहून जातो. दर ओळीत एक टाका कमी. तिसऱ्या साखळीत रंगीत दोरा अडकवून ठेवा आणि प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. आधीच्या ओळी मात्र चूक सुरू झाली तिथपर्यंत उसवाव्याच लागतील.