आधी आळं

पोरी,

तुझा नकाशा रात्री दोनदा पाहिला. जुन्या बागेचं 'सुशोभीकरण', सहा रेन ट्रींच्या खोडांना भिडून गोल ओटे, मधे सगळे पेव्हर ब्लॉक. खाली तुझा प्रश्न : "सर, सही करू का? नोकरी नवी आहे."

नोकरीचं नंतर. आधी आळं. खोडाभोवतीची माती मोकळी राहिली पाहिजे. दोन वर्षं हेच सांगतोय ना मी?

जुन्या बागांच्या जतनासाठीच्या १९८१ च्या फ्लोरेन्स सनदेतलं, ऐतिहासिक बाग म्हणजे जिवंत स्मारक, हे वाक्य तू अहवालाच्या पहिल्याच पानावर घातलंस. झकास. आणि तिसऱ्या पानावर त्याच स्मारकाच्या नाकावर काँक्रीट!

लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये १७९८ साली लावलेला टर्नर ओक आहे. तो खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तिथली सातशेच्या आसपास झाडं गेली. या ओकला वाऱ्यानं मुळांसकट उचललं आणि होता तिथंच परत बसवलं. पडलेल्या झाडांचा पसारा एवढा, की याला नुसते टेकू देऊन ठेवला. तीनेक वर्षांनी बघतात तर गडी आधीपेक्षा हिरवागार! पिढ्यान् पिढ्या माणसांच्या पायांनी दडपलेली माती वादळानं ढिली केली, मुळांना हवा मिळाली. मग तिथल्या लोकांनी दुसऱ्या झाडांभोवतीच्या जमिनीतही मुद्दाम दाबानं हवा सोडायला सुरुवात केली. आपण मात्र पैसे मोजून माती दडपतो.

मीही दडपली. एका बागेतल्या जुन्या चिंचेला कोटा फरशीचा ओटा बांधला. उद्घाटनाला मंडळी त्यावर बसली, फोटो निघाले. चौथ्या पावसाळ्यात, वारा नसताना, चिंच आडवी. मूळ हातात घेतलं तर काळं, ओलं, बोटांत चुरा होणारं, आंबूस वास. साहेबांचा हुकूम होता, बिल मार्चच्या आत काढायचं होतं, घरी दोन लहान मुलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं बांधला असता. अजूनही वाटतं, मी एकटा काय थांबवणार होतो? पण एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, त्या फरशीचं मोजमाप माझ्याच अक्षरात आहे.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणापायी झाडं जाऊ नयेत म्हणून काही मुंबईकर बायका वर्षानुवर्षं भांडल्या. तिथं जाऊन ये. उर्वशीच्या झाडाला फुलं असतील तर बघ, नसतील तर आळी बघ.

ओटे नकोतच असं नाही गं. फांद्यांच्या घेराबाहेर सरकव, वाटेवर मुरूम टाक. तेवढा बदल लेखी दे, सही त्यावर कर. साहेब चिडतील. चिडू देत.

सोमवारी जागेवर जाताना खुरपं ने. खोडापासून चार पावलांवर टोच. आत गेलं नाही, तर फोटो काढून पाठव.