कामा हॉस्पिटल फक्त बायका-मुलांसाठीच का काढलं?

तुमचा प्रश्न असा, की मुंबईतलं कामा हॉस्पिटल इंग्रज सरकारने काढलं का, आणि ते फक्त बायका-मुलांसाठीच का?

आज ते सरकारी आहे, जे. जे. समूहातलं. पण सुरुवात झाली ती लोकांच्या वर्गणीतून. जॉर्ज किट्रेज हा मुंबईत व्यापार करणारा अमेरिकन आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक, या दोघांनी १८८२-८३ च्या सुमारास एक फंड उभा केला. हेतू सरळ होता. पुरुष डॉक्टरने तपासलेलं घरच्यांना चालत नाही म्हणून बायका दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, दुखणं अंगावर काढतात, बाळंतपणात जीव जातो. तेव्हा विलायतेहून बाई डॉक्टर आणायच्या. इमारतीसाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखावर रुपये दिले. नोव्हेंबर १८८३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झालं.

माझ्या मते खरी गोष्ट पैशाची नाहीच, अटीची आहे. इथला कारभार बायकांच्या हाती राहील, वर पुरुष साहेब बसणार नाही, हा आग्रह होता. देणगी देऊन पाटीवर नाव लावणारे शेठ तेव्हाही पुष्कळ होते. अशी अट घालणारे थोडे.

म्हणून आलेली बाईही तशीच होती. एडिथ पीची. १८७० मध्ये एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्रात नव्या विद्यार्थ्यांत पहिली आली, तरी बाई म्हणून तिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली. पदवीही तिथे मिळेना, मग एम.डी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून घेतली. लीड्समधली जम बसलेली प्रॅक्टिस सोडून ती १८८३ च्या अखेरीस मुंबईत आली. कामा हॉस्पिटलची इमारत व्हायच्या आधी जाफर सुलेमान यांच्या देणगीतून चाललेल्या बायका-मुलांच्या दवाखान्यात तिने काम केलं. हिंदी शिकली, बाई डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणून भांडली, बालविवाहाविरुद्ध जाहीर बोलली.

व्हाइसरॉयच्या पत्नीने बायकांच्या औषधोपचारासाठी काढलेला लेडी डफरिन फंड १८८५ चा, म्हणजे मुंबईचा फंड त्याच्याही आधीचा. कामा हॉस्पिटलला ‘भारतातलं बायकांचं पहिलं’ मात्र म्हणू नका, तो मान बरेलीचा. क्लारा स्वेन या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने १८७४ मध्ये तिथे बायकांचं रुग्णालय उघडलं, रामपूरच्या नवाबाने दिलेल्या जागेवर.

मराठी माणसाला या गोष्टीत रस वाटावा तो रखमाबाईंमुळे. लहानपणी लागलेलं लग्न नाकारून त्यांनी कोर्टात झुंज दिली. १८८७ मध्ये हायकोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा म्हटलं, तर त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली आणि पीचीबाईंसारख्यांच्या पाठबळावर त्या लंडनला शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, थोडा काळ कामा हॉस्पिटलमध्ये काढला आणि सुरतेच्या बायकांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. तिथे बाळंतपणाला कुणी येईना, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी आणून रुग्णालयातच तिचं बाळंतपण केलं आणि ‘बघा, हिला काही झालं का?’ असं बायकांना दाखवलं, असं सांगतात. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी बरीच वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या.